मदत हवी आहे : मिरजेतल्या तरुण संघाला सेवेसोबत वचनातही (बायबलच्या अभ्यासातही) कसं वाढवावं?

सर्वांना जय ख्रिस्त. ईस्टरनंतर आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मुलं कामाची आहेत. तबला, पेटी, खुर्च्या लावणं, नाताळची सजावट, काहीही सांगा, हजर. पण वचन अभ्यासाला तीच मुलं मागच्या बाकावर, मान खाली, हातात मोबाईल. सेवा होते, वाढ होत नाही, याची मला फार काळजी वाटते.

एक विचार आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तो वारसा आपलाच. आजही गावातल्या दवाखान्यांत कर्नाटकातून पेशंट येतात. नातेवाईक जिन्याखाली चटई टाकून बसलेले असतात, औषधाची चिठ्ठी वाचून द्यायलाही कुणी हवं असतं. मुलांना जोडीजोडीनं तिथे न्यावं, डबा द्यावा आणि परतल्यावर बायबलमधलं 1 पेत्र 4:10 एकत्र वाचावं : मिळालेल्या कृपादानानं (देवानं दिलेल्या देणगीनं) एकमेकांची सेवा करा. प्रार्थना मात्र कुणी मागितली तरच करायची, हे माझं ठाम मत.

सातारा-सांगलीकडे कुणी असं केलंय का? परवानगी कुणाकडून घेता? कानडी न येणाऱ्या मुलांची जोडी कशी लावता? पाळकसाहेबांवर आधीच भार आहे, मग अभ्यास कोण चालवतं? आणि बारावीच्या मुलांचे आईवडील संध्याकाळी सोडतात का, तेही सांगा.