खासगी सशस्त्र रक्षकांवरचा खटला कोणत्या देशात चालावा?

सह्यवाट (धागालेखक)
१६ सप्टेंबर २००७ रोजी इराकमध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात १७ इराकी नागरिक ठार झाले. पहिल्या गोळ्या पांढऱ्या किया मोटारीवर झाडल्या गेल्या. ती चालवणारा तरुण वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि शेजारी त्याची आई बसली होती. तरीही इराकी न्यायालयांचे हात बांधलेले होते, कारण इराकमधील तेव्हाचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या २००४ च्या आदेश क्रमांक १७ ने परकीय कंत्राटदारांना कंत्राटी कामापुरती इराकी कायद्यातून सूट दिली होती. अमेरिकेत खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाने युक्तिवाद केला की, परदेशातील गुन्ह्यांसाठीचा संबंधित अमेरिकी कायदा संरक्षण खात्याच्या मोहिमेला साहाय्य करणाऱ्यांसाठी आहे आणि आमचे कंत्राट तर परराष्ट्र खात्याशी होते. अशा पळवाटा बुजवायच्या असतील, तर खटला घटनास्थळीच चालला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दर्यावर्दी
मी असहमत आहे. व्यापारी जहाजावर असताना एडनच्या आखातातून मी अनेकदा गेलो आहे. समुद्री चाच्यांच्या भीतीने कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी बांधलेली असायची आणि असे रक्षक ब्रिजवर जागे आहेत हे ठाऊक असले, तरच आम्हाला झोप लागायची. स्थानिक कायद्याचे म्हणाल, तर ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनला ‘सीमॅन गार्ड ओहायो’ या चाच्यांविरुद्धच्या खासगी रक्षकांच्या जहाजावरील ३५ जणांना शस्त्रांवरून अटक झाली, २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. आपल्याकडे ही गत, तर २००७ च्या बगदादमध्ये निष्पक्ष सुनावणी कशी झाली असती? निसूर प्रकरणी चौघांना २०१४ मध्ये दोषी ठरवले ते अमेरिकी ज्यूरीनेच.

वसुधा
ठरवले खरे, पण तिथवरची वाटही पाहा. नोकरी जाईल या धाकाखाली रक्षकांनी परराष्ट्र खात्याला दिलेले जबाब तपासात वापरले गेले, म्हणून डिसेंबर २००९ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला. तो २०११ मध्ये अपिलात पुन्हा उभा राहिला. ज्यांची माणसे गेली त्यांना साक्षीसाठी वॉशिंग्टन गाठावे लागले. एवढे होऊन २२ डिसेंबर २०२० रोजी ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली.

दर्यावर्दी
ती माफी मलाही अन्यायकारक वाटते, पण तो राष्ट्राध्यक्षांचा निर्णय होता. त्याचा दोष न्यायालयाच्या माथी मारता येत नाही. इराकमधील अबू गरीब तुरुंगातील कैद्यांच्या छळाबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने सीएसीआय या अमेरिकी कंत्राटदार कंपनीविरुद्ध तीन इराकींना ४.२ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली, तेही अमेरिकेतच.

सह्यवाट
तो दावा २००८ मध्ये दाखल झाला होता, म्हणजे ज्यूरीच्या निकालाला १६ वर्षे लागली. सुनावणी निष्पक्ष व्हावी, ही तुमची काळजी रास्त आहे. त्यासाठी आरोपीला स्वतःचा वकील, दुभाषा आणि अपिलाचा हक्क दोन देशांमधील करारातच लिहून द्यावा, पण सूट देऊ नये. १ जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या इराक-अमेरिका कराराने कंत्राटदारांची सूट काढून घेतली, आणि तरीही त्यानंतर खासगी रक्षक इराकमध्ये काम करतच राहिले.