नाण्याच्या स्लॅबवरचे ओरखडे: पॉलिश करावेत की हात लावू नये?

कसबा_१८६२:
गेल्या महिन्यात १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया घेतला, पीसीजीएसच्या स्लॅबमधला, म्हणजे नाणी तपासणाऱ्या त्या कंपनीने सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यातला. रुपया सुरेख आहे, पण डब्यावर किमतीच्या स्टिकरचा चिकट डाग राहिलाय आणि राणीच्या गालावर बारीक आडवे ओरखडे दिसतात. ते प्लास्टिकवरचेच आहेत. डबा तिरका केला की रेघा गालावरून नाकाकडे सरकतात. नाण्यावरच्या असत्या तर जागच्या हलल्या नसत्या.

नाणं घासू नये हे आपण सगळे मानतो. पण तो नियम नाण्याचा, डब्याचा नाही. आतलं नीट दिसतच नसेल तर डबा काय कामाचा? गाडीच्या हेडलाइटसाठी मिळणारं प्लास्टिक पॉलिश वापरायचा विचार आहे. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

तांब्याचा_पैसा:
माझा विरोध आहे, आणि तो अनुभवाचा आहे. गोंद काढायला मी एका स्लॅबवर थिनर लावला होता. बघता बघता प्लास्टिक पांढरं पडलं आणि कापसाचे तंतू त्यातच रुतून बसले. आतला रुपया शाबूत, पण वरून दिसेना. थिनर, असिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी हे प्लास्टिक विरघळतं. नाणी ठेवायच्या अॅक्रिलिकच्या गोल कॅप्सूल असतील तर अमोनियावाला काचेचा स्प्रे आणि सॅनिटायझरही लांब ठेवा, बारीक भेगा पडतात.

आणि स्लॅब पाणीबंद नसतो. दोन भाग कडेला जोडलेले असले तरी सांध्यातून पाणी आत झिरपतं. नळाखाली धरून धुणारे मी पाहिलेत. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या कपड्यांनासुद्धा दमट वास येतो, तिथे आत गेलेला थेंब वाळणार कधी?

कसबा_१८६२:
तुमचं नुकसान थिनरने केलं, पॉलिशने नाही. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

कोथरूडकर_ताई:
मी सात-आठ स्लॅब पॉलिश केलेत, एकही बिघडला नाही. आधी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवायची. न उडवता पुसलं की तीच धूळ नवे ओरखडे पाडते. मग रंगारी लावतात ती कागदी टेप चारही कडांच्या सांध्यांवर लावायची, होलोग्राम असेल तर त्यावरही. ज्वारीच्या दाण्याएवढं पॉलिश कापडावर घ्यायचं, डब्यावर नाही, आणि हात अगदी हलका ठेवायचा.

टूथपेस्ट मात्र नको, आत कसले कण आहेत आणि किती जाड, काही सांगता येत नाही. आणि नख अडकतं असा ओरखडा सोडून द्या. तिथे जोर लावला की खळगा पडतो आणि नाणं पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं.

तांब्याचा_पैसा:
ताई, पद्धत चोख आहे, पण विकायची वेळ आली की काय? बाजारात नकली स्लॅब येतात, म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी कडा बघतं. तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या की डबा उघडून नाणं बदललं असावं असा संशय येणारच. पीसीजीएस आणि तशीच दुसरी कंपनी एनजीसी, दोघेही शुल्क घेऊन नाणं नव्या डब्यात घालून देतात. तो मार्ग असताना घासायचं कशाला?

कोथरूडकर_ताई:
दोन-अडीच हजारांच्या नाण्यासाठी शुल्क, येण्याजाण्याचं कुरियर आणि विमा? माझ्यासारखीला ते परवडत नाही. म्हणून काय धुरकट डबा बघत बसायचं?

भिंग_आणि_चिमटा:
स्लॅबवरच्या रेघांनी नाण्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी. वडिलांची शिवराई तशा पाकिटात वर्षानुवर्षं होती. एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ स्वच्छ, पण दुसऱ्या बाजूच्या ‘छत्र’ या अक्षरांभोवती हिरवा, बोटाला चिकटणारा थर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं पाझरतात, आणि पीव्हीसी खराब होताना सुटणारं आम्ल तांब्याला खातं. पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पुसत बसू नका, फेका आणि मायलरचं (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचं) घ्या. तो थर मी शुद्ध असिटोनने काढला, काचेच्या वाटीत, खिडक्या उघडून, गॅसपासून लांब, अजिबात न घासता. म्हणजे असिटोन उघड्या नाण्याला चालतं, डब्याला नाही. लोक नेमकं उलट करतात.

कसबा_१८६२:
काल बसलो. गोंदावर सेलोटेप उलटी करून टिपत राहिलो, पंधरा मिनिटांत निघाला. उरलेला चिकटपणा साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने काढला, सांध्यापासून लांब राहून. पॉलिश फक्त गालावरच्या पट्ट्याला लावलं. तीन रेघा गेल्या, नखाला लागणारी एक तशीच ठेवली. कडांचा मुद्दा मला पटला, तिकडे कापड नेलंच नाही. पण पॉलिश केल्याचा पश्चात्ताप नाही. राणीच्या केसांतली नक्षी आज पहिल्यांदा नीट दिसली. तसंही हा रुपया मी विकणार नाही.

तांब्याचा_पैसा:
तुम्ही नाही विकणार, पण पुढे मुलं विकतील. घासण्याआधीचा फोटो काढलात का? लेबलवरचा नंबर वाचता येईल असा?