मदत हवी आहे: पॉलिसी तीन आहेत, पण विमा नेमका किती आहे?

नमस्कार. माझे वय ३६ असून मी नाशिकला एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी चार वर्षांची आहे आणि घरकर्जापैकी २८ लाख रुपये अजून फेडायचे आहेत. गेल्या रविवारी कपाटातली विम्याची फाइल काढून बसलो आणि इतकी वर्षे हप्ते भरूनही आपल्याला यातले फारसे कळत नाही, हे लक्षात आले.

फाइलमध्ये तीन बाँड निघाले. पहिली मनीबॅक पॉलिसी मला नोकरी लागली तेव्हा, २०१२ साली, वडिलांनी काढून दिली होती: विमा रक्कम २ लाख, मुदत २० वर्षे, वार्षिक हप्ता साडेबारा हजार. तिचे २०१७ आणि २०२२ साली चाळीस-चाळीस हजार खात्यात आले. पहिल्या पैशांत फ्रिज घेतला, दुसरे कुठे गेले ते आठवत नाही. वडील २०२१ मध्ये गेले. त्यांच्या हातची पॉलिसी म्हणून ती मोडवत नाही. दुसरी एन्डोमेंट, २०१७ साली आतेभावाकडून घेतलेली. तो एजंट आहे, आणि मार्चअखेरीस फॉर्म घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आतेभावाला नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही. विमा रक्कम ५ लाख, मुदत २० वर्षे, हप्ता २६ हजार. नऊ हप्ते भरून झाले आहेत. तिसरी युलिप. २०२२ मध्ये घरकर्जाच्या कागदांवर सह्या करताना बँकेतल्या अधिकाऱ्याने तिच्याही सह्या घेतल्या आणि ही कर्जासोबत घ्यावीच लागते असे सांगितले. हप्ता ४० हजार, विमा रक्कम ४ लाख.

म्हणजे वर्षाला ७८,५०० रुपये भरतो आणि उद्या माझे काही बरेवाईट झाले, तर बोनस (कंपनी दरवर्षी पॉलिसीत जमा करते ती जादा रक्कम) सोडून घरच्यांच्या हाती ११ लाख येतील, ज्यातून कर्जही फिटणार नाही. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला.

सहकारी एक कोटीचा टर्म विमा घ्यायला सांगतात. पण त्यात मुदत संपेपर्यंत माणूस जगला तर काहीच परत मिळत नाही. मग तो पैसा बुडीत नाही का? हप्ते परत देणारा टर्मचा प्रकार घ्यावा का? आणि एन्डोमेंट बंद करावी की रेटत न्यावी? मी कधीमधी तंबाखू खातो, ते फॉर्मवर लिहिणे आवश्यक आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण केलेला ११ लाखांचा हिशेब बरोबर आहे आणि प्रश्नाचे मूळ त्यातच आहे. मनीबॅक आणि एन्डोमेंट या दोन्हींत हप्त्याचा थोडासाच भाग जोखमीसाठी जातो, बाकीची बचत असते. मनीबॅकमध्ये ती बचत मधूनमधून हाती येते आणि आपल्या फ्रिजसारखी खर्च होते, एन्डोमेंटमध्ये ती शेवटी एकदम मिळते. युलिपमध्ये तोच बचतीचा भाग बाजारातल्या फंडात जातो, म्हणून चढउतार आपल्या माथी. टर्ममध्ये बचत नसतेच, त्यामुळे थोड्या हप्त्यात मोठी विमा रक्कम मिळते. जगल्यावर काही मिळत नाही, कारण त्यासाठीचे पैसे आपण भरलेलेच नसतात. हप्ते परत देणाऱ्या प्रकारात हप्ता बराच जास्त असतो आणि परत मिळते ती मुद्दल, पंचवीस वर्षांनंतर, बिनव्याजी. मी तो घेणार नाही.

एन्डोमेंटचे गणित मांडून पाहा. समजा बोनस दरवर्षी विमा रकमेच्या दर हजारामागे ४० रुपये धरला, तर ५ लाखांवर वर्षाला २० हजार, वीस वर्षांचे ४ लाख. एकूण ९ लाख मिळतील आणि आपण भरलेले असतील ५ लाख २० हजार. हा परतावा साधारण पाच टक्के पडतो. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे घेतले, तर तोटा अंगावर येईल. त्याऐवजी हप्ते थांबवून ती पेड-अप करता येते. मग विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे २० पैकी ९, सव्वादोन लाख होते आणि आजवर जमलेला बोनस तिला जोडला जातो. ती सगळी रक्कम मात्र २०३७ मध्येच हाती येईल. आतेभावाला दुखवायचे नसेल, तर हा मार्ग सरेंडरपेक्षा सौम्यही आहे. अर्थात आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्यावी, मगच हप्ता थांबवावा.

युलिपची पाच वर्षांची अट २०२७ मध्ये संपते, तोवर पैसे काढता येणार नाहीत. ती सक्तीची कधीच नव्हती, पण पॉलिसी परत करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली.

तंबाखू अवश्य लिहा. हप्ता वाढेल, पण विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत लपवलेल्या माहितीवरून पॉलिसीला आव्हान देता येते, आणि तेव्हा उत्तरे द्यायला आपण नसाल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी उठला आहे, तेवढी बचत आहेच. डोक्यावर कर्ज असल्याने टर्मचा अर्ज करतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी आणि मुलगी यांना लाभार्थी करण्याचा पर्याय निवडा; मग त्या रकमेवर सावकाराचा हक्क लागत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावे लागते, नंतर नाही.

एक विचारायचे राहिले: मनीबॅकवर नॉमिनी कोण आहे?

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपला शेवटचा प्रश्न वाचून लगेच बाँड उघडून पाहिला. नॉमिनीच्या रकान्यात वडिलांचेच नाव आहे, नात्यापुढे 'पिता' असे टंकलेले. आणि खाली साक्षीदार म्हणून त्यांच्या ओळखीच्या एजंटची सही. पाच वर्षांत हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. एन्डोमेंटवर पत्नीचे नाव आहे, युलिपवरही. सोमवारी शाखेत जाऊन नामनिर्देशन बदलण्याचा अर्ज देतो. पत्नीचे नाव लग्नाआधीच्या आणि नंतरच्या कागदांवर वेगवेगळे आहे. अर्जासोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला तर पुरेल का, तेवढे कोणी सांगितल्यास बरे होईल.