मृत्युपत्रात संस्थेला वावर द्यावं की रक्कम?

काळी माती
वाचनालय, वसतिगृह, वृद्धाश्रम, संस्था कोणतीही असो, कास्तकारानं मृत्युपत्रात तिच्यासाठी काहीतरी लिहून ठेवावंच, असं माझं मत आहे. बक्षीसपत्र करून जिवंतपणीच वावर दिलं, तर म्हातारपणी पोरांपुढे हात पसरायची पाळी येते. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा पुरतो. सहा एकरांतले दोन एकर संस्थेला लिहिले तर कोणाचं काय बिघडते?

दस्तलेखक
बिघडते जी. दान लिहा, पण वावर लिहू नका. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि संस्था काही शेतकरी नाही. मृत्युपत्रानं दिलं की हे लागू होत नाही, अशी समजूत होती. गुजरातमधल्या अशाच धाटणीच्या कलमावर सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये उलट निकाल दिला: मृत्युपत्रानंही ती बंदी ओलांडता येत नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर परवानगीचा आणखी एक पेच. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर विषयच संपला.

वरून ‘विहिरीकडचे दोन एकर’ असं मोघम लिहितात. सातबारावर ते ०.८१ हेक्टर. गट क्रमांक नाही, चतुःसीमा नाही, मग मोजणीवाला धुरा कुठं टाकणार? फेरफाराची नोटीस निघाली की १५ दिवसांत हरकत येते, नोंद विवादग्रस्त होते, आणि वावर पडीक.

धुऱ्यावरची बाभूळ
माझा तर मुळातच विरोध आहे. मेल्यावर दिलेलं दान म्हणजे वारसांच्या ताटातलं उचलून दिलेलं. द्यायचं तर डोळ्यांदेखत द्या, म्हणजे खोल्या बांधल्या की नुसता फलक लागला ते दिसते. वर्षाला पाच हजार चेकनं द्या, पावती घ्या, नीट वापरले नाही तर पुढल्या वर्षी बंद. जिवंतपणी दिलं तर देणगीवर प्राप्तिकराची सूटही (जिला ८०जी म्हणतात) मिळू शकते, मृत्युपत्रातल्या दानाला ती नाही.

काळी माती
८०जी कास्तकाराच्या काय कामाची, भाऊ? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही. आणि कोरडवाहू कपाशीवाल्यानं दरसाल पाच हजार आणायचे कुठून? एका वर्षी बोंडअळी, दुसऱ्या वर्षी दवाखाना. त्याच्याकडे शिल्लक किती, हे तो गेल्यावरच कळते. म्हणून तर मृत्युपत्र. वावराबद्दल दस्तलेखकांचं मान्य, माझा हट्ट मागे घेतो.

हिशेबनीस
संस्थेच्या बाजूनं सांगतो. संस्थेला जमीन मिळाली तरी ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. विकायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली आधी परवानगी. तोवर मक्त्यानं द्यायची, आणि जुन्या पीककर्जाचा बोजा सातबारावर तसाच. छोट्या वाचनालयाला हे झेपत नाही. रोख ठेव मात्र महिनाभरातही कामी येऊ शकते.

आकडा लिहू नका, टक्का लिहा. दोन लाख लिहिले आणि खात्यात ऐंशी हजारच निघाले, तर बायकोच्या वाट्याला काहीच उरत नाही. वाक्य असं असावं: ‘माझं कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या बँक ठेवींपैकी दहा टक्के रक्कम अमुक संस्थेस द्यावी.’ संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावरचंच घ्या, सोबत नोंदणी क्रमांक व पत्ता. लोक ‘आनंदवन’ लिहितात, नोंदणीतलं नाव महारोगी सेवा समिती, वरोरा असं आहे. आणि संस्था तोवर बंद पडली तर रक्कम कोणाला, हेही त्याच कलमात घाला.

पऱ्हाटी
बायकोचा विषय निघाला म्हणून बोलते. मृत्युपत्राच्या चर्चेत तिला कोणी विचारतच नाही. वडिलोपार्जित जमिनीत माणसाला फक्त आपला हिस्सा लिहिता येतो, आणि २००५ पासून मुलीही जन्मानं हिस्सेदार आहेत. सातबारावर एकट्याचं नाव म्हणून सगळं त्याचं, हा समजच चूक. आधी तिच्या राहण्याची आणि पोटाची सोय लिहा, मग दहा टक्के.

दस्तलेखक
ताई, बरोबर. साक्षीदारांचंही बघा. संस्थेचा सचिव साक्षीदार नको, लिहून घ्यायलाही तो सोबत नको. ज्याला लाभ त्यानंच पुढाकार घेतला की कोर्टाला शंका येते आणि दान तिथंच अडकते. साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान, पण सज्ञान, गावातच राहणारे घ्या; पुढं त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागते, नोंदणी झालेली असली तरी. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, प्रत्येक पानावर सही घ्या.

धुऱ्यावरची बाभूळ
एवढं सगळं केलं आणि कागद पेटीतच राहिला तर? संस्थेला कळणार कसं? पोरं तर सांगणार नाहीत.

हिशेबनीस
म्हणूनच मृत्युपत्र अंमलात आणणारा व्यवस्थापक त्यातच नेमायचा, वारसांबाहेरचा, त्याची संमती घेऊन, आणि एक प्रत त्याच्याकडे द्यायची. त्याहून पक्कं हवं असेल तर सीलबंद लिफाफ्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. बँकेतल्या वारसनोंदीवर विसंबू नका. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी मृत्युपत्राप्रमाणेच ठरते. नॉमिनी मोठा मुलगा असेल तर त्याला हे आजच घरात बसून सांगा.

धुऱ्यावरची बाभूळ
सांगितलं तर मी दहा टक्क्यांना हो म्हणतो. लपवून लिहिलेल्याला नाही.