जुन्नर–नाणेघाट सायकलने, रविवारचा पूर्ण दिवस: रस्ता कसा आहे?

पायडल_कोथरूड: दिवाळीनंतरच्या शनिवारी पुण्याहून सायकलने जुन्नर, तिथे मुक्काम. रविवार नाणेघाटासाठी. एकटाच आहे, मागे कॅरिअरला दोन पॅनिअर बॅगा, टायर ३२ मिमी रुंदीचे. आपटाळे-घाटघर रस्ता झेपेल ना? परतताना तसाच पुढे ओतूरला मित्राकडे जाईन म्हणतो.

रानवाट: जुन्नरला मुक्काम ठेवलात हे फार बरं केलंत. पुण्यातले बरेच जण नाणेघाट एका दमात उरकतात आणि सगळ्यात सुंदर पट्टा त्यांच्या वाट्याला येतो तो पाय गळाल्यावर.

एका बाजूने साधारण ३० किलोमीटर. ३२चे टायर पुरतात. पावसाने उखडलेले तुकडे लागले तर सावकाश घ्या. उजाडताच निघा. माणिकडोह धरणाचं पाणी, मग चावंड किल्ला. पुढे वाट थोडी वाकडी करून पूर गावच्या कुकडेश्वराला जाच. कोरीव दगडी देऊळ आहे, कुकडी नदीचा उगम तिथलाच मानतात. मी तिथे हटकून थांबते. त्या दिवसांत खाचरांतून भाताची झोडणी चालू असते. कोणी ‘या पाहुणं, पाणी प्या’ म्हणालं तर उतरा, घाई करू नका. जेवणाचं मात्र घाटघरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

नाणेघाटात सायकल वर ठेवून गुहेपर्यंत पायी उतरा. तिथल्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात कोरलेत, देशातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी ते आहेत. फोटो काढून लगेच निघू नका, ते आकडे डोळ्यांनी शोधा. कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा.

ओतूरकर: दादा, ओतूरला अंधार पडायच्या आत पोचणार असाल तरच या. आमचा पट्टा उसाचा. बिबट्या उसातच राहतो, पिल्लंही तिथेच होतात. तोडणी सुरू झाली की आसरा जातो आणि तो जास्त फिरतो. उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. म्हणून पंक्चर झालं तर उसाकडेला उकिडवं बसून ट्यूब बदलू नका. सायकल ढकलत वस्तीवर या, कुणीही अंगणातला दिवा लावून देईल.

पायडल_कोथरूड: हे माहीत नव्हतं. मग रविवारीही जुन्नरलाच राहतो, ओतूर सोमवारी सकाळी. वेळ हाताशी आहे तर येताना चावंड चढून होईल का?

रानवाट: होईल, पण नाणेघाटातून बाराच्या आत निघालात तरच. पायऱ्या कातळात कोरलेल्या, चांगल्याच उभ्या. क्लीटच्या (पॅडलला अडकणाऱ्या) बुटांनी अजिबात चढू नका, पॅनिअरमध्ये साधे बूट टाका. सायकल गावात कुणाच्या तरी ओसरीवर लावा.