बेळगावचा हलगा-मच्छे बायपास : हरकत घ्यायची तर कधी आणि कुणाकडे?

वडगाव शिवार
काल एकाने लिहिलं, "बायपासला हरकत घ्यायला मुदत होती तेव्हा गप्प बसलात, आता मूठभर शेतकरी अख्ख्या शहराला वेठीस धरूलेत." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. मुदत म्हणजे काय, तर १९५६ च्या महामार्ग कायद्यात कलम ३ए ची अधिसूचना (जमीन घेणार म्हणून) निघाली की २१ दिवसांत लेखी हरकत, पुढं कलम ३डी ची निघाली की जमीन सरकारची. त्या २१ दिवसांत कुणी विचारत नाही की बाबा रस्ता कुठनं न्यायचा, भराव घालायचा की पिलरवर न्यायचा, पावसाचं पाणी कुठनं जाणार. रेघ आधीच मारलेली असते. आणि गप्प कोण बसलं? झिरो पॉईंट, म्हणजे रस्ता जिथनं सुरू धरायचा ती जागा, फिश मार्केटला की हलग्याला, यावरच वर्षानुवर्षं कोर्टात झगडूलोय. तिबार पिकाची जमीन हाय ही, भात काढलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. अशी जमीन परत कुठं मिळणार सांगा.

उद्यमबाग शिफ्टवाला
दादा, जमिनीचं दुःख कळतंय पण आमचं पण ऐका की. गोव्याला जाणारी अवजड वाहनं खानापूर रोडनं शहरात घुसतात. माझा मेव्हणा फाउंड्रीतनं शिफ्ट सुटून येताना ट्रकनं उडवला, पायात रॉड हाय, उभं राहून काम होत नाही. त्याची हरकत कुणी लिहून घेतली? पुणे-बेंगळूरु रस्त्यावरनं सरळ गोवा रोडला वाहनं गेली असती तर हे झालं नसतं. जमीन गेली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला, वर शंभर टक्के सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीनं घेतल्याची जादा भरपाई. पाय गेला त्याला कोण देतंय?

येळ्ळूरची लेक
मोबदला उताऱ्यावर नाव असेल त्याला. माझे मामा दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसतात, त्यांच्या हातात काय पडणार? आणि बळ्ळारी नाल्याचं कुणी बोलतच नाही. दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिवारात पसरतं, रोप लावलं की कुजतं, परत पेरणी, परत खर्च. त्यात आडवा भराव टाकला की पाणी तुंबणारच, त्याला इंजिनिअर कशाला पाहिजे.

टिळकवाडी
मुळात नोटीस वाचता आली तर हरकत घेणार ना. कायदा म्हणतो अधिसूचना दोन स्थानिक पेपरात, त्यातला एक तिथल्या भाषेतला. आमच्याकडं तिथली भाषा म्हणजे फक्त कन्नड धरतात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे ठरलेलं हाय, पाळतंय कोण? माझ्या आज्ज्याला आलेला कागद शेजारच्या पोराकडनं वाचून घ्यावा लागला, तोवर मुदत निम्मी गेलेली.

खानापूरकर
इतकी वर्षं कर्नाटकात राहून कन्नड वाचता येत नाही हे कौतुकानं काय सांगता? माझी दोन्ही पोरं कन्नड वाचतात, काही बिघडलं नाही.

टिळकवाडी
कौतुक कुणी केलं? वय झालेल्या शेतकऱ्यानं जमीन जाताना आधी लिपी शिकायची का? हक्काचा कागद हक्काच्या भाषेत मागणं चूक असेल तर तसं स्पष्ट बोला. २००४ पासून सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात हाय तोवर आम्ही मुक्यानं बसायचं?

खानापूरकर
झालं, आला सीमाप्रश्न! म्हणूनच आपलं कुणी ऐकत नाही. हलग्याकडच्या कन्नड शेतकऱ्याची जमीन जात नाही का? त्याला बरोबर घ्यायचं सोडून तुम्ही त्यालाच परका करता.

टिळकवाडी
त्याला परका कुणी म्हटलं नाही, माझ्या तोंडात शब्द घालू नका. दोन्ही भाषांत कागद द्या म्हणजे दोघं मिळून हरकत घेऊ.

येळ्ळूरची लेक
अहो भाऊ लोक, तुम्ही भाषेवर भांडा, पाणी तोवर थांबतंय होय? रस्त्याखालनं पाणी जायच्या मोऱ्या किती, केवढ्या, कुठं, हे गावात येऊन पावसाळ्यात बघून ठरवा एवढंच मागणं हाय. अंडरपास पण असा पाहिजे की पिंजर (भाताचं वाळलेलं गवत) भरलेली ट्रॉली अडकणार नाही. नाहीतर समोर दिसणाऱ्या शेतात जायला अख्खा वळसा.

उद्यमबाग शिफ्टवाला
ताई, मोऱ्यांचं आणि ट्रॉलीचं मान्य, ते आधीच व्हायला पाहिजे होतं. पण रस्ताच नको म्हणाल तर मी तुमच्या बाजूला नाही, आत्ताच सांगतो.

वडगाव शिवार
रस्ताच नको असं मी कुठं लिहिलं? ट्रक शहराबाहेर काढा, आमचं पण तेच म्हणणं. नाल्याच्या पट्ट्यात भराव नको, पिलरवर न्या.

उद्यमबाग शिफ्टवाला
पिलरचा खर्च कोण देणार? त्या नावाखाली अजून दहा वर्षं काम लटकलं तर?

वडगाव शिवार
आमच्याशी आधी बोलले असते तर ती वर्षं कोर्टात गेली नसती. मोऱ्यांचं मान्य म्हणताय ना, मग अर्जावर तुमच्या शिफ्टच्या लोकांच्या सह्या द्या. कन्नड आणि मराठी, दोन्हीत लिहितो.

उद्यमबाग शिफ्टवाला
मोऱ्या आणि अंडरपास एवढंच असेल तर देतो. पिलर घातलात तर माझी सही धरू नका.