रविवारी अ‍ॅथलनी की खरेदी?

बापूकाका: करपलेल्या भाकरीचा फोटो, खाली 'आल्फ्रेड राजा'. कोणी टाकलं हे? मला अजिबात आवडलेलं नाही. वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडच्या त्या जुन्या राजाच्याच जागी, अ‍ॅथलनीला, आपण रविवारी चाललोय.

छोटू: मी काका 😄 शाळेत हेच सांगतात. लपलेल्या राजाला एका गरीब बाईने चुलीवरचे केक बघायला सांगितले, त्याने करपवले.

बापूकाका: तो वारला ८९९ मध्ये. केकची गोष्ट लिहिली गेली त्यानंतर शंभरेक वर्षांनी. त्याच्या पदरच्या असर नावाच्या धर्मगुरूने त्याचं चरित्र लिहिलं, त्यात मुळात ती नव्हतीच.

वहिनी: काका, राग मानू नका, पण तिथे पाहायला काही नाही. शेतात १८०१ चं छोटं स्मारक, आणि शेतही खाजगी.

मंदाआत्या: डबा कोण आणतंय? मागच्या वेळी मी एकटीनेच केला होता.

दादा: आत्या, डब्याचं नंतर बघू.

मंदाआत्या: नंतर म्हणजे माझ्याच गळ्यात.

बापूकाका: ८७८ चा जानेवारी. नाताळचे बारा दिवस नुकते सरलेले, आणि डॅनिश व्हायकिंगांचा सरदार गुथ्रम याने वेसेक्समधल्या चिपनमवर अचानक झडप घातली. इंग्लंडची बाकी राज्यं, नॉर्थम्ब्रिया आणि ईस्ट अँग्लिया, त्यांच्याकडे आधीच गेलेली, मर्सिया अर्धा वाटून घेतलेला. उरलं होतं फक्त वेसेक्स. राजा मोजकी माणसं घेऊन सॉमरसेटच्या दलदलीत शिरला.

छोटू: म्हणजे पळालाच ना?

बापूकाका: पळाला मर्सियाचा राजा बर्गरेड. ८७४ मध्ये रोमला गेला तो परत आलाच नाही. हा आपल्याच मुलखात चिखलात राहिला. ईस्टरला दलदलीतल्या अ‍ॅथलनीवर गढी बांधली आणि सॉमरसेटची माणसं घेऊन छापे घालत राहिला.

पिंकी: गनिमी कावा! 🚩

वहिनी: पुन्हा सांगते, शेत खाजगी आहे. आउटलेटला गेलो तर मुलांचे बूट तरी होतील.

बापूकाका: मागचा रविवारही बुटांतच गेला, सूनबाई.

वहिनी: ते बूट तुमच्याच नातवाचे होते.

दादा: बास! काकांच्या बाजूने एक सांगतो. समुद्राला भरती आली की पॅरेट नदीचं पाणी मागे रेटलं जातं, आणि जमिनीला उतार नाहीच. आता चर आणि पंप आहेत, तरी २०१४ च्या जानेवारीत मचेल्नी गावाचं बेट झालं, लोक बोटीने ये-जा करत होते. तेव्हा तर पंपही नव्हते. ज्याला वाट ठाऊक तोच आत जाणार.

बापूकाका: अगदी हेच! मे महिन्यात तो बाहेर पडला, तर 'एग्बर्टचा दगड' नावाच्या जागी सॉमरसेट, विल्टशर, हॅम्पशरची माणसं जमली. राजा जिवंत आहे हे त्यांना पोचलं होतं. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. मग गुथ्रमशी एडिंग्टनची लढाई, त्याच्या गढीला चौदा दिवस वेढा, आणि गुथ्रम शरण. त्याला मारलं नाही. अ‍ॅथलनीजवळच अ‍ॅलरला बाप्तिस्मा दिला, आल्फ्रेड स्वतः धर्मपिता झाला.

छोटू: हे शाळेत का नाही सांगत? फोटो काढून टाकतो.

वहिनी: सगळं खरं, पण शेत खाजगी आहे 🙏

दादा: म्हणून बरो मंपच्या टेकडीवर जाऊ. ती सगळ्यांना खुली आहे, वरून अख्खी दलदल दिसते. अ‍ॅथलनी रस्त्यावरूनच. बूट शनिवारी, वहिनीसोबत मी जातो.

वहिनी: चालेल. काका, तुम्हीही या शनिवारी.

बापूकाका: येतो.

मंदाआत्या: आणि डबा??

बापूकाका: दशम्या मी करतो, मंदा. तू फक्त चटणी आण.